मामींच्या गुडघ्याची गोळी

दुसऱ्याने सांगितलेली एकही गोष्ट स्वतः तपासल्याशिवाय खरी न मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या बायकोचे मामा. सूर्य पूर्वेला उगवतो हेही त्यांनी कोणाच्या भरवशावर मान्य केलं असेल असं मला वाटत नाही. रोज पहाटे ते गच्चीवर जात ते बहुधा त्याचसाठी. ग्वाल्हेर संस्थानात ते वजनं-मापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. ते उज्जैनच्या बाजारात शिरले की तराजूंचे काटे आपोआप सरळ होतात, असं व्यापारी म्हणत. संस्थान गेलं, मध्य भारत आला, तोही गेला आणि नव्या मध्य प्रदेशाच्या कचेऱ्या भोपाळला हलल्या. मामा एक दिवस भोपाळला गेले, तिथलं पाणी पिऊन पाहिलं, ते पचायला जड असल्याचा निकाल दिला आणि पेन्शन घेऊन घरी बसले.

मग तपासायला घर उरलं. दूधवाल्याचं माप, भिंतीवरचं घड्याळ, लोणच्यातलं मीठ, सगळ्यांची फेरतपासणी झाली. पाहुणा "जेवून आलोय" म्हणाला की ते त्याच्यापुढे पान मांडीत, आणि पान रिकामं झालं की समाधानाने म्हणत, "बघा, खोटं निघालं." यात मामींचा स्वयंपाक दुप्पट होई, हे त्यांच्या तपासणीत कधी आलं नाही.

अशा घरात मामींचा उजवा गुडघा दुखू लागला. लग्न होऊन उज्जैनला आल्यापासून मामींनी कार्तिकातलं राम घाटावरचं पहाटेचं स्नान चुकवलं नव्हतं. त्या वर्षी मात्र घाटाच्या पायऱ्या उतरता येतील की नाही, याची त्यांना धास्ती होती. फ्रीगंजातल्या नव्या डॉक्टरांनी दुखण्यावरची पांढरी गोळी दिली आणि सांगितलं, "खाली पेट मत लीजिएगा, और घुटने को आराम दीजिए." मामींनी गोळीकडे हात नेला, तेवढ्यात मामांनी पुडी उचलली.

"डॉक्टर म्हणतो म्हणून घ्यायची? आधी बाकीच्यांना लागू पडते का ते पाहू."

"अहो, दुखतंय मला!"

"म्हणूनच तुझ्यावर प्रयोग नको."

दुसऱ्या दिवसापासून दुखणेकऱ्यांची भरती सुरू झाली. यजमानांची वाट बघत छत्रीखाली बसून बसून राम घाटावरच्या आमच्या पंडितजींची कंबर धरली होती. त्यांना पहिला मान मिळाला. पाठोपाठ खांदा दुखणारा टांगेवाला आला, दाढदुखीने गाल सुजलेल्या शेजारच्या काकू आल्या. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, म्हणून प्रत्येकाला आधी पोहे. पोहे करायचे मामींनी. चूल जमिनीवर, डबे फळीवर. एका बशीमागे त्या किती वेळा उठत-बसत ते त्यांच्या गुडघ्यालाच ठाऊक. एकदा मलाही बोलावणं आलं.

"मामा, मला काहीच दुखत नाही."

"म्हणूनच बोलावलं, जावईबापू. न दुखणाऱ्या माणसावर काय परिणाम होतो तेही पाहायला नको?"

मी पोहे खाल्ले, गोळी गिळली. तासाभराने मामांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"छान वाटतंय."

"म्हणजे आधी दुखत होतं. लपवलंत."

सगळ्यांचे निकाल उत्तम आले. टांगेवाला म्हणाला, "एकदम आराम है साहब, घोडा भी खुश है." काकूंनी गालावर हात दाबून "फरक आहे हो" असं कसंबसं सांगितलं आणि संध्याकाळी जाऊन दाढ काढून आल्या. ती बातमी मामांपर्यंत पोचली नाही. त्यांनी उरलेल्या गोळ्या विजयी मुद्रेने मामींच्या हातात ठेवल्या. मामींनी त्या घेतल्या. गुडघा अधिकच सुजला.

"असं कसं? सगळ्यांना लागू पडली!" मामा गुडघ्याकडे संशयाने पाहत म्हणाले. जणू तो मुद्दाम वजनात मारत होता.

"मग सगळ्यांनाच पाठवा स्नानाला," मामी म्हणाल्या, आणि तोंड फिरवून बसल्या.

मामा तडक राम घाटावर गेले. सोबत मी होतो. पंडितजी उठू पाहत होते आणि दोन यजमान त्यांना काखेत धरून वर ओढत होते.

"पंडितजी! आप तो कहते थे कमर ठीक है!"

पंडितजी ओशाळले. "अब क्या बताएँ साहब. भाभीजी लँगड़ाते-लँगड़ाते पोहे लाती थीं, ऊपर से नींबू भी निचोड़ती थीं. हम किस मुँह से कहते कि आराम नहीं है?"

ज्या माणसाने आयुष्यभर इतरांची खोटी वजनं पकडली, त्याच्या स्वतःच्या तराजूत अख्ख्या गावाने मामींचे पोहे टाकले होते. घरी आल्यावर त्यांनी मामींना पाटावरून उठू दिलं नाही. स्वतः चुलीपाशी बसून पोहे केले. ते अर्धे कच्चे, अर्धे करपलेले होते. डॉक्टरांकडून नव्या गोळ्या आणल्या; देताना डॉक्टर म्हणाले, "साहब, इस बार मरीज एक ही रखिए." कार्तिक लागेपर्यंत मामींची सूज बरीच उतरली. गोळीने की बसण्याने, याचा निकाल लावायचा मोह मामांनी आवरला. माझ्या माहितीत त्यांनी न तपासता सोडलेली ती एकमेव गोष्ट.

स्नानाच्या पहिल्या पहाटे मी त्यांच्याबरोबर राम घाटावर गेलो आणि चपला सांभाळत वर थांबलो. बायका भराभर उतरत होत्या. मामी पहिल्याच पायरीवर अडखळल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "माँजी, जरा बाजू में." मामींचा चेहरा पडला. त्या परत फिरणार, एवढ्यात मामांनी स्वतःचा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात विव्हळले, "थांब गं, मला उतरवत नाही!"

मामांचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. हे मामींनाही माहीत होतं.

त्यांनी मामांचा हात धरला आणि तितक्याच मोठ्याने म्हणाल्या, "सावकाश उतरा. घाई कोणाला आहे?"

दोघं एकेक पायरी उतरू लागले. एका पायरीवर ते कण्हत, पुढच्या पायरीवर त्या रागावत. पुढची कित्येक वर्षं कार्तिकात ती दोघं तशीच उतरत राहिली, आणि वरून पाहणाऱ्याला त्यातलं दुखणं कोणाचं ते कधी ओळखता आलं नसतं.