तोंड न उघडणाऱ्या जपानी तिसऱ्या

परवा ओमानमध्ये, सोहारला, मी स्वयंपाकी आहे त्या गेस्ट हाऊसच्या किचनमध्ये माझी फार पंचाईत झाली. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय...

आमच्याकडे एक जपानी इंजिनियर साहेब राहतात. तापामुळे दोन दिवस ते अन्नाला शिवले नव्हते. सकाळी त्यांनी फ्रीझरमधलं एक पाकीट माझ्या हातात दिलं. आईने जपानहून पाठवलेलं, एकच.

आत नखाएवढ्या काळ्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या! नदी खाडीला मिळते तिथल्या मचूळ पाण्यातल्या. त्यांचं मिसो घालून सूप हवं होतं. मिसो म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, ते मला माहीत आहे.

मी राजापूरकडचा, मला तिसऱ्या कोण शिकवणार? बर्फ जाईपर्यंत पाण्यात ठेवल्या, चोळून धुतल्या, उकळल्या. पण एकीनेही तोंड उघडलं नाही...

आमच्याकडे उकळून न उघडलेली तिसरी मेलेली समजून टाकून देतात. इथे तर सगळ्याच बंद! टाकाव्यात, तर आजारी माणसाच्या आईचं पाकीट. द्याव्यात, आणि साहेबांना काही झालं तर?

शेवटी मिसो कालवला. देवाचं नाव घेऊन आधी एक वाटी मीच प्यायलो आणि पोटावर हात ठेवून घड्याळ बघत बसलो.

तेवढ्यात साहेब दारात. माझ्या हातात रिकामी वाटी...

"अंकल, माय सूप?"

"सर, ऑल क्लोज्ड. ऑल डेड. फर्स्ट आय ड्रिंक. वन अवर आय ओके, देन यू."

"अँड इफ यू नॉट ओके?"

"देन यू डोन्ट ड्रिंक, सर."

साहेब हसता हसता खोकायला लागले. मोबाईलवर भाषांतर करून त्यांनी दाखवलं... या तिसऱ्या बर्फासकट थेट उकळत्या पाण्यात टाकायच्या असतात. आधी बर्फ वितळला तर उघडत नाहीत.

म्हणजे घोळ माझाच! साहेबांनी नखाने एक उघडून खाल्ली. उरलेलं सूप दोन वाट्यांत ओतलं आणि एक माझ्यापुढे सरकवली. तासभर थांबा म्हटलं, पण ऐकतात कुठे...

नंतर त्यांनी दोन्ही वाट्यांचा फोटो आईला पाठवला. बंद तिसऱ्या बघून ती माऊली मला काय म्हणाली असेल, ही आता नवीन काळजी. पण पोराच्या पोटात काहीतरी गेलं, एवढं तरी तिला दिसलं असेल.