प्रेसची दोन बटणं

खंडेनवमीला झेंडू ओवताना त्याचा कडवट वास बोटांना लागला, की चाकणच्या कंपनीतली माझी पत्रा कापायची प्रेस आठवते. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच ती खाली यायची. त्यामुळं हात आत सापडत नसे.

एका वर्षी खंडेनवमीच्या पूजेला मीच तिला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि म्हणाले, "आई, हात सांभाळ गं." दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर गेले, तर सुपरवायझरनं एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं.

"एका हातानं चालवा ताई. माल लवकर निघंल."

हार अजून सुकलाही नव्हता. मी पट्टी टर्रकन ओढून काढली.

"परवा हिच्यापुढं हात जोडले, आन् आज तोच हात हिच्या तोंडात देऊ व्हय? न्हाई जमायचं."

"मग घरी बसावं लागंल."

"बसते की. दोन्ही हात घेऊन बसते."

तेव्हा वाटलं, देवीनं बळ दिलं. आता वाटतं, बळबिळ काही नव्हतं. तिच्यापुढं खोटं पडायची लाज साहेबाच्या भीतीपेक्षा मोठी होती. नोकरी गेली. जाऊ दे. हार अजून मीच ओवते, दहाही बोटांनी.