बोळातून केलेली तपासणी

“आत न्हाय यायचं. बोळातनं मागं ये.”

बंगल्याचे मालक पायरीवर उभे होते. मी फाटकाशी. हातात रंगाची बाटली आणि मोजायची काठी, खांद्याला पिशवी. त्यांनीच फोन करून बोलावलं होतं. तळमजल्याचा संडास तुंबला होता, अंगणात वास सुटला होता. पुढचं दार सताड उघडं होतं. घर आणि कंपाउंडच्या भिंतीमधला बोळ जेमतेम दोन फुटांचा. मी आडवा होऊन आत शिरलो.

“तुझा बा बी हितनंच यायचा,” मागून आवाज आला. “सांगाय लागायचं न्हाय त्येला.”

खरं होतं. माझे वडील कोल्हापुरातल्या अशा कितीतरी बंगल्यांच्या मागे जाऊन सेप्टिक टाक्या साफ करत. कमरेला दोर बांधून आत उतरत, घमेल्यानं मैला वर देत. माझा चुलता अशाच एका टाकीत उतरला आणि गॅसनं आतच मेला. महिन्याभरानं वडील दुसऱ्या टाकीत उतरले. मी तेव्हा दहावीत होतो. पुढे आयटीआय केलं, कागलच्या एमआयडीसीत पाइपांचं काम शिकलो आणि स्वतःचा धंदा सुरू केला. टाकी साफ करण्याचा नाही. टाकी का बिघडली ते शोधून दुरुस्त करण्याचा. मैला उपसायला गाडी येते. माणूस उतरत नाही.

हे मी सगळ्यांना सांगायचो. बोळातून मात्र मुकाट जायचो.

तपासणी साधी असते. तुंबलेल्या संडासात हिरवा रंग ओतायचा, वरून दोन बादल्या पाणी, आणि टाकीचं झाकण उघडून बघायचं. रंग टाकीत आला तर पाइप मोकळा. नाही आला तर पाइपातच अडलंय. पण ते करणाऱ्यानं संडास स्वतः बघायला हवा.

“साहेब, संडास बघाय लागंल मला.”

“तुझं काम भाईर. बाटली दे हिकडं, मी टाकतो.”

ते आतून मागच्या खिडकीशी आले होते. गजांतून बाटली दिली. त्यांनी ती वर्तमानपत्राच्या कागदात धरून घेतली. “खालच्या संडासात टाका,” मी म्हणालो. थोड्या वेळानं आतून आरोळी आली, “टाकला!” मिनिटभरात टाकीत हिरवं पसरलं.

म्हणजे पाइप मोकळा. मग दोष पुढे, शोषखड्ड्यात. टाकीतलं पाणी तिथे जाऊन जमिनीत मुरतं. ओल होती तीही खड्ड्याच्या जवळच, मागच्या गल्लीतून गाडी आत घ्यायला केलेल्या नव्या पार्किंगच्या कडेला. टाकीतल्या पाण्याची पातळी तेवढी बरोबर होती. ती खटकली. खड्डा तुंबला असता तर पाणी वर चढलेलं दिसलं असतं. घरात कालपासून पाणी कमी वापरलं असेल, असं मी मनाला सांगितलं आणि खोदायला लागलो.

दोन तास खोदलं. खड्ड्याचं झाकण लागलं. आत पाणी तळाशी होतं. खड्ड्यात काही दोष नव्हता.

शेजारचा माणूस भिंतीवरून वाकला. “काय ओ, हीर काढलीय व्हय? पानी लागलं तर आमास्नी बी सांगा.” मालक हसले नाहीत. ते टाकीच्या उघड्या तोंडाशी आले.

“शिकून काय उपेग? तुझा बा आत उतरून हातानं सांगायचा, कुठं अडलंय ते. काढ बूट. उतर.”

मी बूट काढला. एक.

हे लिहायलाच हवं. मला कुणी धरलं नव्हतं. हात आपोआप खाली गेला, पाय आपोआप बोळाकडे वळतात तसा. ओल्या मातीत मोजा भिजला. आणि चुलत्याच्या चपला आठवल्या. टाकीच्या काठावर जोडीनं नीट ठेवलेल्या. वर आल्यावर घालायच्या म्हणून. त्या दिवशी काकू त्या हातात घेऊन घरी आली होती.

मी बूट पुन्हा घातला. नाडी बांधली. टाकीचं झाकण ओढून तोंडावर बसवलं.

“टाकीत कोन उतरनार न्हाय. मी न्हाय, दुसरं कोन न्हाय. आता मी पुढच्या दारानं आत येनार आनि संडास बघनार. न्हायतर चाललो.”

“लई शाना झालास व्हय रं?”

मागच्या दारात त्यांची सून उभी होती. ती म्हणाली, “मामा, खालचा काठोकाठ भरलाय म्हणून रंग तर वरच्याच संडासात टाकलासा की तुम्ही.”

वरच्या मजल्याचा पाइप वेगळा होता. दोन्ही पाइप टाकीत पाण्याखाली उघडत होते. रंग कुठल्या पाइपातून आला, हे वरून दिसणं शक्य नव्हतं. तपासला तो चांगला पाइप. तुंबलेला तपासलाच नव्हता.

मी वळसा घालून पुढे आलो. मालकही आतून येऊन दारात थांबले. ते बाजूला झाले नाहीत. मी या वेळी दोन्ही बूट काढले, उंबऱ्याबाहेर, कुठलाही पाहुणा काढतो तसे, आणि त्यांच्या बाजूनं आत गेलो. संडासातून लवचिक पट्टी सरकवली. बारा फुटांवर ती अडली. बाहेर येऊन तेवढंच अंतर मोजलं. बरोबर पार्किंगच्या नव्या फरशीखाली. गाडीच्या वजनानं पाइप चेपून फुटला होता. संध्याकाळपर्यंत तो बदलला.

आतून फरशी धुतल्याचा आवाज आला. फिनेलचा वास अंगणात आला. काम चांगलं झालं, असं मालक म्हणाले नाहीत. मीही ते ऐकायला थांबलो नाही.

घरी वडील खाटेवर होते. त्यांना हल्ली कशाचाच वास येत नाही.

“मागनंच गेलतास न्हवं?”

“पुढनं.”

ते खाटेवर उठून बसले. “मग पुन्यांदा न्हाय बोलवायचं त्ये.”

बोलावलं नाही.

चूक माझीही होती. तपासणी मी केलीच नव्हती. बोळात शिरलो तेव्हाच ती दुसऱ्याच्या हातात दिली होती. आता फोन आला की पत्ता विचारण्याआधी सांगतो: पुढच्या दारानं येईन, संडास स्वतः बघेन, टाकीत माणूस उतरणार नाही. बरेच जण फोन ठेवतात. ठेवू देत. ज्या घराला माझा पाय चालत नाही, त्या घराचा संडास तुंबलेलाच राहील.