गुणवंतचा कॉम्प्युटर आणि आईची गाणी

गुणवंत तांबेला वेगाचं वेड होतं, तेही फुकटातल्या. भाईंदर पूर्वेला आमच्या इमारतीत तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि मी त्याच्या बरोबर खाली. नोकरी एका औषधांच्या गोदामात, स्टोअरकीपरची. २००४ साली त्याने सुटे भाग जमवून घरी कॉम्प्युटर बांधला आणि तेव्हापासून त्याला चैन म्हणून नव्हतं. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबलं की मदरबोर्डचा निळा पडदा उघडतो. तिथले वेगाचे आकडे वाढवले की साधा प्रोसेसर महागड्याच्या तोडीने पळायला लागतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. गुणवंत म्हणायचा, "अरे, कंपनीवाले आपल्याला अर्धाच स्पीड देतात. उरलेला आपण काढून घ्यायचा, सिंपल."

कॅबिनेटचं झाकण त्याने काढून माळ्यावर टाकलं होतं आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन त्या उघड्या पोटासमोर लावला होता. त्याची बायको रश्मी चहा देताना मला ऐकवायची, "पुढच्या जन्मी मी प्रोसेसर होणार आहे, भावजी. निदान वारा तरी लागेल." गुणवंत हसायचा आणि आकडा आणखी एक पायरी वर न्यायचा. मशीन हँग झालं की एक पायरी खाली यायचं, हा त्याचा नियम. "हँग होत नाय ना, मग एकदम मस्त चाललंय," असं तो छातीठोकपणे सांगायचा आणि मी मान डोलवायचो. जास्त वेगाची रॅम, म्हणजे काम चालू असताना मशीन ज्यात सगळं तात्पुरतं लिहून ठेवतं ती पट्टी, तर मीच त्याला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून आणून दिली होती. हे लिहायलाही आज जिवावर येतं.

त्याची आई वैजयंताबाई मूळच्या खेडकडच्या. त्यांच्या वाडीत त्यांच्या गाण्याशिवाय कुणा मुलीला हळद लागली नव्हती. गाणी त्यांची स्वतःची, कुठे लिहिलेली नाहीत, सगळी डोक्यात. भाईंदरला आल्यावर त्यांनी खाडीवर आणि मिठागरांवरही गाणं रचलं. २००५च्या जानेवारीत त्यांचा आवाज बसला तो उठेचना. तपासलं तर घशात गाठ. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल.

ऑपरेशनला बारा दिवस होते. गुणवंतने रजा टाकली, माइक आणला, खिडक्या लावून घेतल्या. म्हातारी पाटावर बसून त्या बसक्या आवाजात गात राहिली. दमली की कोमट पाणी, मग पुढचं गाणं. एकूण एकेचाळीस गाणी झाली. शेवटचं संपल्यावर नातीला जवळ घेऊन म्हणाली, "गुणा, सुरुचीच्या हळदीला हीच लाव हां. बँडबिंड नको." त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

हॉस्पिटलात दाखल करायच्या सकाळी त्याने सगळी गाणी एका फाइलीत दाबून बसवायला घेतली, म्हणजे एका सीडीत मावली असती. पडद्यावर पाऊण तास बाकी दिसत होता आणि खाली रिक्षा उभी होती. त्याने मशीन बंद केलं, निळा पडदा उघडला आणि रॅमचा आकडा एक पायरी वर नेला. मशीन हँग झालं नाही. काम लवकर उरकलं. त्याने सीडी काढली, डिस्क भरली होती म्हणून मूळ फाइली पुसल्या आणि आईचा हात धरून जिना उतरला.

प्रोसेसर फार ताणला तर मशीन अडून तरी बसतं. रॅम जराशीच जास्त ताणली तर ती गप्प राहते आणि मध्येच काहीतरी चुकीचं लिहून मोकळी होते. म्हणून आकडा वाढवला की रॅमची चाचणी काही तास चालू ठेवायची असते. गुणवंतला हे माहीत होतं. त्या सकाळी त्याच्याकडे वेळ नव्हता.

तीन आठवड्यांनी वैजयंताबाई घरी आल्या. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी, हातात सुरुचीची पाटी. साक्षरतेच्या वर्गात शिकलेल्या मोठ्या वाकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, "लाव." फाइल उघडेना. सीडीवरचीही तशीच; सगळं एकात दाबलेलं, एक जागा बिघडली की पुढचं सगळं गेलं. स्पीकर बिघडलाय, असं आईला खोटं सांगून गुणवंतने मला वर बोलावलं. चार दिवस आम्ही होते नव्हते ते सगळे उपाय केले. एकेचाळीस गाण्यांतून एका गाण्याच्या दोन ओळी हाती लागल्या. त्यापुढे नुसती कर्कश खरखर.

रविवारी त्यांनी पुन्हा पाटी पुढे केली. गुणवंतने त्या दोन ओळी लावल्या.

"खाडीच्या काठी मीठ पिकतं,
माझ्या लेकाचं घर दिसतं..."

आणि खरखर सुरू झाली. म्हातारीने गळ्यावर हात ठेवून ती शेवटपर्यंत ऐकली. गुणवंत तिच्या पायाशी बसला होता, रडवेला. "आई, एक सांगायचंय, हे माझ्या..." तिने हाताने त्याला थांबवलं आणि पाटीवर लिहिलं, "माझा घसाच फुटका होता. तू काय करशील."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. गुणवंतने माझ्याकडे पाहिलं, मी रॅमकडे पाहिलं आणि आम्ही दोघांनीही तोंड उघडलं नाही. मला स्वतःची आजही शिसारी येते.

त्याच संध्याकाळी त्याने सगळे आकडे कंपनीने दिले होते तिथे नेऊन ठेवले आणि झाकण लावलं. टेबलफॅन आईच्या खाटेपाशी गेला.

वैजयंताबाई पुढे तीन वर्षं जगल्या. गावाकडची माणसं भेटायला आली की गाण्यांचं विचारायची. मुलाने कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली, हे वाडीभर झालं होतं. मग त्या पाटी ओढून घ्यायच्या आणि लिहायच्या, "पोराने लई मेहनत घेतली. मलाच नीट म्हणता आलं नाही." पाहुण्यांनी वाचलं की पाटी पुसायच्या. गुणवंत तोवर चहाचं बघायला आत गेलेला असायचा.