काकांचा टुल्लू पंप

आपल्या बेसा गावच्या मंडळींनो, आज सकाळी मी शेजाऱ्याचा पंप जप्त करवला आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

नवी जलवाहिनी येऊनही गल्लीच्या टोकाला, आमच्या नळाला, पाणी येत नव्हतं. आईने विचारलं, तर शेजारचे काका चारचौघांत हसले. "पाणी बरोबर येऊन राहिलं वं बाई. पोरगी इंजिनिअर आहे ना? तिलेच विचार!"

ती पोरगी म्हणजे मी, पाणीपुरवठा विभागातच इंजिनिअर आहे. आज रीतसर परवानगी घेऊन पाण्याच्या वेळेत गल्लीची वीज बंद करायला लावली. लगेच आमच्या नळाला धार लागली.

मग पथकासह काकांकडे गेले. टुल्लू पंप थेट नळाला जोडलेला होता; विजेवर तोच गल्लीचं पाणी ओढून घेत होता.

"शेजारी आहो आपण. काहून असं करून राहिली वं?"

"पाणी बरोबर येते ना काका? मग पंप काहून लागते?"

गल्ली हसली. नियमाप्रमाणे पंप गेला, नळही तोडला.

संध्याकाळी आई पाण्याने भरलेला गुंड कमरेवर घेऊन निघाली.

"कुठं?"

"त्याईच्या घरी पाणी नाही ना आता."

मी गुंड घेतला आणि आमच्याच पिंपात ओतला. आई अजून बोलत नाहीये.

तुम्ही तिला जाऊ दिलं असतं?