ठाण्याला गेलेली खिचडी

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मुगाच्या खिचडीमुळे मोडता मोडता राहिलं. खिचडी मी केली होती, त्यामुळे घरात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाशीला नव्या सोसायटीत आम्ही तिघं राहायचो. मी, बायको शुभा आणि बहीण वसू. तिघंही नोकरीवाले. शुभा फोर्टातल्या ऑफिसात, वसू तुर्भ्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट आणि मी तिथल्याच दुसऱ्या कारखान्यात प्लॅनिंग खात्यात इंजिनीअर. संध्याकाळी बसने खाडीपूल ओलांडून आलेली शुभा दारात चपला काढायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर 'मला कुणी काही विचारू नका' असं स्पष्ट दिसायचं. मी नेमकं तेव्हाच विचारायचो, "आज जेवायला काय?"

"तुम्ही सांगा. काय केलंयत?"

मी काहीच केलेलं नसायचं. मग वसू कांदे चिरायला घ्यायची आणि आठवड्यातून चारदा आमचं रात्रीचं जेवण म्हणजे कांदेपोहे असायचं. (उरलेल्या दिवशी पाव.)

शेवटी मी जाहीर केलं, की हा स्वयंपाकाचा प्रश्नच नाही, प्लॅनिंगचा आहे. कारखान्याच्या लायब्ररीतल्या एका मासिकात मी वाचलं होतं, की उकळतं भांडं भरपूर पेंढ्यात दाबून बंद केलं तर आतलं अन्न आपल्याच उष्णतेवर शिजत राहतं. सकाळी उकळी आणायची, पेटीत ठेवायचं, कुलूप लावून कामाला जायचं. संध्याकाळी गरम जेवण तयार.

"इतकं सोपं असतं तर आमच्या आयांनी केलं नसतं?" शुभा म्हणाली.

"त्यांना इन्शुलेशन माहीत नव्हतं."

"त्यांना स्वयंपाक माहीत होता."

पेटी मात्र घरातच होती. आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, गावाहून हापूसच्या दोन पेट्या घेऊन आले होते. एक आम्हांला, एक ठाण्याच्या दळव्यांना. दळव्यांच्या सुहासशी वसूचं लग्न जवळजवळ ठरलं होतं आणि ते अण्णांनी जमवलेलं असल्यामुळे आंबेही तेच पोचवणार होते. "यातले जरा कच्चे आहेत, आणखी आठ-दहा दिवस पिकू देत, पुढच्या शनिवारी येऊन नेतो," असं सांगून दळव्यांची पेटी त्यांनी आमच्या पलंगाखाली सारली. आमच्या पेटीतले आंबे खाऊन संपले होते, पेंढा शाबूत होता. मी ती स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवली, पेंढा घट्ट दाबला, मधोमध पातेल्याएवढी जागा केली. शोध पूर्ण झाला.

पहिल्या दिवशी चवळी ठेवली. संध्याकाळी ती जशी गेली तशीच परत आली, फक्त पाण्याचा रंग बदलला होता. दुसऱ्या दिवशी आमटी आंबली. तिसऱ्या दिवशी भाताची खळ झाली. ती वसूने साड्यांना वापरली आणि साड्या उत्तम कडक झाल्या, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलं.

"दादा, मला भूक लागलीय," एवढंच ती म्हणाली.

"या पेटीतून एक तर कच्चं येतं, नाही तर नासलेलं," शुभा म्हणाली. "उद्या शेवटची संधी. परवा ती भंगारवाल्याकडे जाईल. तिच्याबरोबर कोण जाईल ते माझं मी ठरवीन."

म्हणून गुरुवारी मी जीव ओतून खिचडी केली. मुगाची डाळ भिजवून घेतली, जिरं-हिंगाची फोडणी, वर चमचाभर तूप. चांगली खळाखळा उकळी आल्यावर घट्ट झाकण लावलं, पातेलं जुन्या धोतरात गुंडाळलं आणि पेंढ्यात पुरलं. पातेलं शुभाच्या माहेरचं होतं, त्यावर तिचं नाव कोरलेलं होतं. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून पेटीच्या झाकणावर सुतळीचे वेढे मारले. किल्ली नेहमीप्रमाणे शेजारच्या म्हात्रेकाकूंकडे दिली आणि छाती फुगवून कामावर गेलो.

संध्याकाळी आम्ही तिघं योगायोगाने जिन्यातच भेटलो. म्हात्रेकाकू दारात उभ्या होत्या. त्या मूळच्या तिथल्याच, जुन्या गावातल्या.

"तुमचे अन्ना आलते," त्या म्हणाल्या. "ठान्याला पावने येनारेत म्हनून आजच पेटी पायजेल होती त्यांना. मी कुलूप उघडून दिला. सैपाकघरातली पेटी नेली."

"कुठली?" मी विचारलं.

"सैपाकघरातली. चांगली बांधून ठेवलेली व्हती की. अन्ना बोलले, पोरगा कधी नाय तो येक काम नीट केलाय."

आम्ही आत धावलो. ओट्याखाली काही नव्हतं. पलंगाखाली आंबे होते.

वसू आंब्यांकडे बघत पलंगावर बसली. तिच्या होणाऱ्या सासरी या क्षणी काय उघडलं जात असेल, ते तिला दिसत होतं. मलाही दिसत होतं. तीन दिवसांचा इतिहास पाहता खिचडी कच्ची असेल की आंबलेली, एवढाच प्रश्न होता.

दळव्यांकडे फोन होता. मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात पळालो. पहिल्यांदा एंगेज, दुसऱ्यांदा भलत्याच गृहस्थांना लागला. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण खिचडी आम्हांला कशाला पाठवली?"

परत आलो तर शुभाने साडी बदलली होती. "उचला ती पेटी," ती म्हणाली. "आपण जाऊ. वसू, तू घरीच थांब. देव्हाऱ्यापाशी बस."

ठाण्याच्या बसमध्ये मांडीवर आंब्यांची पेटी घेऊन मी बसलो. दिघ्याच्या स्टॉपपर्यंत शुभा खिडकीबाहेरच बघत होती. मग म्हणाली, "बाकीच्या बायकांचे नवरे संध्याकाळी पेपर वाचतात. मी त्यांना नावं ठेवायचे."

दळव्यांच्या घरी दार उघडंच होतं आणि आतलं दृश्य बघून मी उंबऱ्यातच थांबलो. जमिनीवर पंगत बसलेली. दळवीसाहेब, सुहास, पुण्याहून आलेले पाहुणे आणि मधोमध आमचे अण्णा. सगळ्यांच्या ताटात खिचडी. पापड, लोणचं. दळवीबाई वाढत होत्या. हातात शुभाच्या माहेरचं पातेलं.

अण्णांनी मला पाहिलं आणि एका दमात बोलायला सुरुवात केली. "या, या. हा आमचा शरद. मी आत्ताच सांगत होतो यांना, की आमच्या घराण्याची रीतच आहे. सोयरीक जमली की आधी घरची साधी खिचडी पाठवायची, ती मुलीकडच्यांनी आपल्या हाताने शिजवायची, आणि मग मागाहून फळ. हे बघा, फळ आलं. अगदी वेळेवर."

हे सगळं त्यांना आयत्या वेळी सुचलं होतं. अण्णा आयुष्यभर कोर्टात कारकुनी करत होते. पेटी उघडताच आत आंब्यांऐवजी पातेलं निघालं, तेव्हा त्यांनी डोळ्यांची पापणीही लवू दिली नव्हती. (बसमध्ये मांडी चांगलीच पोळत होती, पण आंबा पिकताना ऊब धरतो, या समजुतीवर त्यांनी ठाण्यापर्यंत सोसलं होतं.)

"फार सुंदर रीत," दळवीबाई म्हणाल्या. त्याही बँकेत नोकरी करायच्या. "खरं सांगू? मी आत्ताच ऑफिसातून आले, घरात पाहुणे, ओट्यावर काही नाही. आणि हे गरमगरम समोर. इतकी मऊ, मोकळी खिचडी मी कितीतरी दिवसांत खाल्ली नव्हती."

इथे मी नुसती मान हलवायला हवी होती. शुभाने माझ्या पायावर पाय ठेवला होता, अण्णा डोळे वटारून बघत होते. पण पेटी चालली होती. चवळी, आमटी, भात, सगळ्यांचा सूड घेत ती चालली होती आणि हे खोलीत फक्त मला कळत होतं.

"पण वाशीहून इथवर इतकी गरम राहिली कशी?" दळवीबाईंनी विचारलं.

"इन्शुलेशन," मी म्हणालो. आणि मग थांबलोच नाही. उकळी, पेंढा, धोतर, सुतळी, सगळं सांगितलं. रोज सकाळी ठेवतो, रोज संध्याकाळी काढतो, हेही सांगितलं. आजचं तर आमचंच रात्रीचं जेवण होतं, असं सांगून टाकलं तेव्हा कुठे मला माझा आवाज ऐकू आला.

अण्णांनी ताटात मान घातली.

"म्हणजे," दळवीबाई सावकाश म्हणाल्या, "रीत वगैरे काही नाही?"

"नाही," शुभा म्हणाली. तिला आता कशाचंच काही वाटत नव्हतं. "चुकीची पेटी आली. आम्ही आंबे द्यायला आलो, आणि जमलं तर माफी मागायला."

दळवीबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "सुटले," त्या म्हणाल्या. "मघापासून हाच विचार करतेय, की आता आमच्याकडून उलट काय शिजवून पाठवायचं असतं. मला वेळ कुठे आहे?"

पहिल्यांदा सुहास हसला. मग दळवीसाहेबांना ठसका लागला. पुण्याचे पाहुणे शेवटपर्यंत हसले नाहीत, पण त्यांनी खिचडी दुसऱ्यांदा मागितली होती, त्यामुळे त्यांना बोलायला जागा नव्हती. लग्नाची तारीख त्याच रात्री ठरली.

आम्हांलाही जेवायला बसवलं. पातेलं रिकामं होतं. दळवीबाईंनी गॅस पेटवला, पिठलं घोटलं, कालचा भात फोडणीला टाकला आणि आमची ताटं वाढली, तोवर माझे हातसुद्धा धुऊन झाले नव्हते. शुभा समोर बसून सगळं बघत होती. माझ्याकडे तिने मुद्दामच पाहिलं नाही.

निघताना दळवीबाई म्हणाल्या, "ती पेटी मात्र राहू दे आमच्याकडे. वापरीन मी."

मी इतका खूश झालो, की परतीच्या बसमध्ये शुभा काय काय बोलली ते मला आजही आठवत नाही.

दिवाळसणाच्या वेळी सुहास-वसूला बोलवायला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा चहाही न घेता आधी विचारलं, "पेटी कशी चाललीय?"

"उत्तम," दळवीबाई म्हणाल्या आणि मला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेल्या. पेटी कोपऱ्यात होती. आतला पेंढा तसाच, मधली पातेल्याची जागाही तशीच. त्या जागेत एक मांजर चार पिल्लांना घेऊन झोपलं होतं.

"काय ऊब धरते हो," दळवीबाई कौतुकाने म्हणाल्या. "नाही तर हे मांजर कुठेच टिकत नव्हतं. तुम्ही इंजिनीअर ना? वाटतंच."