सुईणबाईंचे नवे टायर

सुईणबाई पंचवीस वर्षं मोटरसायकलवरूनच बाळंतपणाला जात. या खेपेला टायर बदलायला गेल्या, तर दुकानदार म्हणाला, "ताई, हे कमी खाचांचे घ्या. कोरड्या रस्त्यावर झकास पकड."

"बाळं काय ऊन बघून जन्माला येतात?" बाईंनी खोल खाचांचे टायर निवडले. मधलं रबर टणक, म्हणजे कोरड्यात लवकर झिजणार नाही; कडा मऊ, ओल्या वळणासाठी.

आठवड्याभरातच धो धो पावसात बोलावणं आलं. वाटेत उतारावर, त्याच बाळंतपणाला निघालेल्या डॉक्टरांची गाडी घसरून कडेला रुतली होती.

"बसा मागे!" बाई म्हणाल्या.

डॉक्टर जीव मुठीत धरून बसले. प्रत्येक वळणावर पाणी उडालं, पण चाकांनी रस्ता सोडला नाही. दोघं वेळेत पोचले आणि पायाळू बाळ सुखरूप जन्माला आलं. त्याचं खणखणीत रडणं ऐकून बाई ओल्या रेनकोटातच खदखदून हसल्या.